मुवक्करची आठ आठवड्यांची शाळा: ताब्यातल्या देशाचे पोलीस परदेशात घडवताना

प्रश्न असा आहे: २००३ साली इराकचा ताबा घेतल्यावर अमेरिकेने तिथल्या नव्या पोलीस भरतीतली मुलं शिकायला जॉर्डनला का नेली, आठ आठवड्यांत त्यांना काय शिकवलं, एवढं करूनही वर्षभरात ठाणी का ओस पडली, आणि असं काम पुन्हा कुणाच्या अंगावर आलं तर ते कसं आखावं?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावरून समजतं. अशा प्रशिक्षणाची आखणी परतीच्या दिवसापासून उलटी करावी लागते. मुलगा कोणत्या ठाण्यात रुजू होणार, त्याला हुकूम कोण देणार, पहिले तीन-चार महिने त्याच्या शेजारी कोण उभं राहणार, हे आधी ठरवायचं आणि मग वर्गात काय शिकवायचं ते लिहायचं. जॉर्डनमध्ये हे उलट झालं. शाळा उभी राहिली, तुकड्या निघाल्या, दीक्षांत संचलनं झाली, आणि त्या मुलांचं पुढे काय करायचं हा विचार मागाहून आला.

आता क्रमाने. बगदाद ९ एप्रिल २००३ रोजी पडलं. पोलीस घरी निघून गेले, ठाणी लुटली गेली, पोलीस अकादमीतलं सामानही गेलं. २२ मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १४८३ मंजूर केला आणि अमेरिका व ब्रिटन यांना ताबा घेतलेल्या सत्ता म्हणून मान्यता दिली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेने नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांच्या हंगामी प्रशासनाने इराकी सैन्य बरखास्त केलं. पोलीस दल बरखास्त केलं नाही, जुन्यांना परत बोलावलं. पण त्यांची संख्या अपुरी होती आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. त्याच सुमारास अमेरिकी न्याय खात्याच्या पाहणी पथकाने आंतरराष्ट्रीय पोलीस सल्लागार सहा हजार सहाशेहून अधिक लागतील असा हिशेब मांडला. एवढी माणसं मिळाली नाहीत. प्रत्यक्षात काही शेच आली, तीही उशिरा. या एका आकड्यातली तूट पुढे सगळीकडे दिसते, म्हणून ती लक्षात ठेवा.

देशात शिकवायला जागा नव्हती आणि सुरक्षाही नव्हती. आधी हंगेरीचा विचार झाला. २८,००० इराकींना तिकडे नेऊन शिकवायची योजना ऑगस्ट २००३ मध्ये वृत्तपत्रांत आली होती. ती बारगळली आणि जॉर्डन ठरलं. अम्मानच्या पूर्वेला वाळवंटात मुवक्कर इथे केंद्र उभारलं. तिथली भाषा अरबी होती, सरकार मित्राचं होतं, पोलीस खातं शिस्तीचं होतं आणि सीमा लागून होती. नोव्हेंबर २००३ च्या अखेरीस पहिली तुकडी वर्गात बसली आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला बाहेर पडली. बांधकाम सुरू असताना वर्ग सुरू होते, यावरून घाई किती होती ते कळतं.

केंद्राची क्षमता ३,००० ची. अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आणि दर चार आठवड्यांनी १,५०० ची नवी तुकडी आत. म्हणजे कायम दोन तुकड्या एकाच वेळी मैदानावर, एक पहिल्या महिन्यातली आणि एक दुसऱ्या. वर्षाला तेरा तुकड्या धरल्या तर पूर्ण ताकदीने १९,५०० माणसं बाहेर पडतात. कागदावर हे सुंदर दिसतं. पण या वेगात एक गोष्ट गृहीत असते: दर चार आठवड्यांनी इराकच्या अठरा प्रांतांतून १,५०० लायक मुलं तयार मिळाली पाहिजेत आणि दर चार आठवड्यांनी १,५०० जागा, गणवेश, पिस्तुलं आणि पगाराच्या नोंदी तयार हव्यात. शाळेचा वेग हा भरती आणि नेमणूक यांच्या वेगाएवढाच ठेवावा लागतो. नाहीतर एका टोकाला कुणालाही भरून विमानात बसवलं जातं आणि दुसऱ्या टोकाला शिकलेला मुलगा ठाण्याच्या दारात महिना-महिना ताटकळतो. इथे दोन्ही घडलं.

तुलनेसाठी सांगतो. आपल्याकडे महाराष्ट्रात पोलीस शिपायाचं मूलभूत प्रशिक्षण साधारण नऊ महिन्यांचं असतं, तेही शांत राज्यात, स्वतःच्या भाषेत, आणि सुटून तो चालू ठाण्यात जातो, जिथे हवालदार, ठाणे अंमलदार, स्टेशन डायरी सगळं जागेवर असतं. इथे आठ आठवडे, दुभाष्यामार्फत, आणि सुटून अर्धवट जळालेल्या ठाण्यात.

कायद्याची बाजू अनेकजण सोडून देतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. १९०७ च्या हेग नियमांचं कलम ४३ ताबा घेणाऱ्या सत्तेवर सार्वजनिक सुव्यवस्था राखायची जबाबदारी टाकतं आणि देशाचे चालू कायदे शक्यतो पाळायला सांगतं. चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम ४९ ताब्यातल्या प्रदेशातून माणसांना बळाने बाहेर नेण्यास मनाई करतं. कलम ५१ म्हणतं की त्यांना सैन्यात किंवा साहाय्यक दलात सक्तीने घेता येत नाही, आणि स्वेच्छेने यावं म्हणून दबाव किंवा प्रचारही करता येत नाही. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. परदेशी जायची संमती लेखी हवी, मुलाच्या भाषेत हवी, मधेच परत जायची मुभा हवी, आणि परत गेला म्हणून शिक्षा नको. शाळेत शिकवायचा कायदाही त्याच्याच देशाचा. इराकच्या बाबतीत तो होता १९६९ चा दंडविधान क्रमांक १११ आणि १९७१ चा फौजदारी प्रक्रिया कायदा क्रमांक २३, त्यात हंगामी प्रशासनाने केलेल्या दुरुस्त्या धरून.

हे नुसतं तत्त्व नाही. इराकी पद्धतीत तपासाचं सूत्र तपास न्यायाधीशाच्या हातात असतं. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत त्याच्यापुढे उभं करायचं असतं. साधा शिपाई, ज्याला तिथे शुर्ता म्हणतात, स्वतःहून गुन्ह्याचा माग काढत नाही. निवेदन घेणं, जागेची राखण, आरोपीला न्यायाधीशापुढे नेणं, कागद वर पोहोचवणं हे त्याचं काम. अमेरिकी गावातून आलेला प्रशिक्षक मात्र त्याला अटकेवेळी सांगायचे आरोपीचे हक्क, गस्तीवर स्वतः संशयित थांबवणं, जागेवर निर्णय घेणं असं शिकवतो. मुलाला ते पटतंही. पण परत गेल्यावर त्याचा अधिकारी म्हणतो, तुला कुणी विचारलं? या विसंगतीमुळे पाठांतर झालं, सवय झाली नाही. म्हणून कायद्याचे तास त्या देशाच्या वकिलाने किंवा निवृत्त पोलीस अधिकाऱ्यानेच घ्यावेत. परदेशी प्रशिक्षकाने फार तर शेजारी बसावं.

आता निवड. परदेशी शाळा सगळ्यात जास्त इथे फसते, कारण शाळा एका देशात आणि चारित्र्य पडताळणी दुसऱ्या देशात होते. यादी गृहखात्याकडून येते. गृहखात्यात यादी पक्ष, टोळी, नातेवाईक आणि पैसे यांच्यातून बनते. मुवक्करमध्ये लिहिता-वाचता न येणारी मुलं आली, वय न बसणारी आली, दुसऱ्याच्या नावावर आलेलीही आली. बंडखोरांची माणसं घुसल्याचा संशय कायम राहिला. विमानतळावर उतरल्यावर तपासणी करून उपयोग नसतो, कारण तिथे परत पाठवणं म्हणजे जागा रिकामी जाणं, आणि आकड्यांचं दडपण असलेला अधिकारी ते करत नाही.

म्हणून चाळणी निघण्यापूर्वी तीन टप्प्यांत करावी. पहिला टप्पा ठाण्यात: ज्या ठाण्यात नेमणूक व्हायची, त्याच ठाण्याच्या प्रमुखाने मुलाचं नाव सुचवावं आणि वस्तीतल्या दोन प्रतिष्ठितांनी सही करावी. तोच प्रमुख पुढे त्याच्यावर हुकूम चालवणार, त्यामुळे वाईट मुलगा देण्यात त्याचाच तोटा. दुसरा टप्पा लेखन-वाचनाचा: पानभर उतारा वाचून त्यावर पाच ओळी लिहून घ्यायच्या, समोर बसवून. यात तीस मिनिटं जातात आणि ज्याला पंचनामा कधीच लिहिता येणार नाही तो इथेच कळतो. त्याला नाकारायचंच असं नाही, आधी दोन महिने साक्षरतेच्या वर्गात घालता येतं. तिसरा टप्पा ओळख पक्की करण्याचा: बोटांचे ठसे आणि फोटो. तेच ठसे विमानात चढताना, शाळेत दाखल होताना, सुटताना आणि पहिल्या पगाराला जुळवायचे. चार ठिकाणी एकच माणूस आहे हे सिद्ध झालं की निम्मी फसवणूक संपते. या चारांतली शेवटची जुळणी, पगाराची, ती सगळ्यात महत्त्वाची. शाळेतून किती निघाले हे नेहमी माहीत होतं. त्यातले किती अजून नोकरीवर आहेत, कोणत्या ठाण्यात, हे मात्र नीट कुणालाच सांगता येत नव्हतं. पुढच्या तपासण्यांत हाच दोष परत परत नोंदला गेला.

भरतीची रांग हीसुद्धा जीवघेणी जागा होती. २८ फेब्रुवारी २००५ रोजी हिल्ला इथे वैद्यकीय तपासणीसाठी दवाखान्याबाहेर थांबलेल्या पोलीस व सैन्य भरतीच्या उमेदवारांवर गाडीबॉम्ब फुटला, सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. ५ जानेवारी २००६ रोजी रमादीत काचकारखान्याच्या आवारात भरतीच्या रांगेत स्फोट झाला, ऐंशीच्या आसपास मेले. यातून एक साधा नियम निघतो, तो कुठल्याही कारणाने मोडू नये: उघड्यावर रांग लावायची नाही. दिवसाला तीस-चाळीस जणांनाच, वेगवेगळ्या वेळा देऊन, वेगवेगळ्या ठिकाणी बोलवायचं. वेळ फोनवर किंवा वस्तीतल्या माणसाकरवी आदल्या संध्याकाळी कळवायची. काम तिप्पट सावकाश होतं, पण मुलं जिवंत राहतात.

प्रवासाचा हिशेबही आधी मांडावा. बगदाद-अम्मान रस्ता फलुजा, रमादी, रुतबा असा अनबार प्रांतातून जातो, म्हणजे त्या काळी सगळ्यात वाईट पट्ट्यातून. त्यामुळे हवाई मार्ग. सी-१३० या लष्करी मालवाहू विमानात साधारण ९० माणसं बसतात, म्हणजे १,५०० ची तुकडी एका दिशेने न्यायला सोळा-सतरा फेऱ्या, आणि त्याच आठवड्यात तेवढेच परत आणायचे. वादळ आलं, विमानं दुसऱ्या कामाला गेली, की पहिले चारशे वर्गात आणि बाकीचे बगदादच्या विमानतळावर. यावर उपाय म्हणजे सगळ्यांचा पहिला आठवडा भरीचा ठेवणं: वैद्यकीय तपासणी, दात, डोळे, गणवेशाची मापं, कवायत, वाचनाची चाचणी. खरे धडे दुसऱ्या आठवड्यापासून. आठ आठवड्यांतला एक असा गेला तरी चालतो. तो आधीच वजा धरला नाही तर मात्र शेवटी गोळीबाराच्या सरावातून वजा होतो.

वर्गात पहिले चार आठवडे सर्वसाधारण पोलीस विद्या आणि मानवी हक्क, पुढचे चार प्रत्यक्ष कौशल्यं अशी ढोबळ विभागणी होती. आराखडा बाल्कनमधल्या कोसोव्होत युद्धानंतर उघडलेल्या पोलीस शाळेवरून घेतलेला. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला सात तास धरले तर आठ आठवड्यांत ३३६ तास होतात. वर सांगितलेला पहिला आठवडा, सुट्ट्या, परीक्षा आणि संचलनाची तयारी वजा केली की हातात अडीचशेच्या आसपास तास उरतात.

आणि हे तास दुभाष्याचे आहेत. पन्नास मिनिटांच्या तासात दुभाषा मधे असेल तर मजकूर वीस-पंचवीस मिनिटांचाच जातो. म्हणजे अडीचशेचे सव्वाशे. जॉर्डनी प्रशिक्षक थेट अरबीत शिकवत, तिथे हे नुकसान होत नसे, म्हणून जास्तीत जास्त विषय त्यांच्याकडे द्यायला हवे होते. दुभाष्यांबाबत तीन गोष्टी पाळाव्यात. एका वर्गाला दोन दुभाषे, दर अर्ध्या तासाने बदलायचे, कारण थकलेला दुभाषा भाषांतर सोडून सारांश सांगू लागतो आणि ते वर्गात कुणालाच कळत नाही. पोलीस शब्दांची तीनेकशे शब्दांची यादी आधी पक्की करायची, इराकी बोलीत, कारण अम्मानच्या बाजारातला शब्द बसऱ्याच्या मुलाला वेगळाच वाटू शकतो. आणि उत्तरेकडून आलेल्या कुर्द मुलांना अरबी येतंच असं धरायचं नाही. त्यांच्यासाठी कुर्दी दुभाषा वेगळा.

गोळीबाराच्या मैदानावर दुभाष्याचा उशीर जिवावर बेततो, म्हणून ते जवळून सांगतो. रेषेवर वीस मुलं, हातात ग्लॉक पिस्तूल. या पिस्तुलाला बाहेरून दाबायचा सेफ्टीचा खटका नाही, सुरक्षा चापातच आहे. मुलाच्या हाताला सवय घरातल्या एके-४७ ची, जिचा मोठा खटका खाली-वर केला की काम भागतं. तो पिस्तुलावर खटका शोधतो, सापडत नाही, आणि शोधताना नळी शेजाऱ्याकडे वळते, बोट चापावर असतं. प्रशिक्षक इंग्रजीत ओरडतो, दुभाषा दोन सेकंदांनी अरबीत. या दोन सेकंदांत गोळी सुटते.

उपाय ठरलेला आहे. रेषेवर इंग्रजी शब्द उच्चारायचाच नाही. सात-आठ आज्ञा अरबीत पाठ करून प्रशिक्षकानेच द्यायच्या, "थांब" ही आज्ञा शिट्टीने आणि लाल झेंड्याने. चार मुलांमागे एक सहायक, हाताच्या अंतरावर. पहिले आठ ते दहा तास रिकाम्या पिस्तुलावर, नुसतं काढणं, धरणं, मॅगझिन काढून चेंबर उघडून बघणं. मग पाच-पाच गोळ्यांनी सुरुवात, त्याही वेळी मॅगझिनमध्ये एकच. "भरलेलं आहे का?" हे डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीने चाचपायचं, अंधारातही जमेल असं. सगळे गुण निशाण्याला दिले की मुलं घाई करतात. म्हणून निम्मे गुण हाताळणीला द्यावेत, आणि नळी भलतीकडे वळली तर त्या दिवशी शून्य.

२००५ मध्ये अभ्यासक्रम बदलला, जीव वाचवण्याचे विषय वाढले: स्फोटकं ओळखणं, नाकाबंदीवर उभं राहणं, हल्ला झाल्यावर हलणं. पुढे कालावधीही दहा आठवड्यांवर नेला. हा बदल योग्यच होता, फक्त दोन वर्षं उशिरा. कोसोव्होत युद्ध संपल्यावर शाळा उघडली होती, म्हणून तिथला आराखडा शांततेतल्या पोलिसाचा होता. इराकमध्ये तोच आराखडा चालू लढाईत वापरला. तरीही माझं स्पष्ट मत आहे की मानवी हक्कांचे तास कापून बंदुकीचे वाढवणं ही चूक ठरते. कापायचं असेल तर संचलन कापावं. मारहाणीशिवाय जबाब कसा घ्यायचा हे मुलाला न येता तो ठाण्यात गेला, तर चार दिवसांत त्याच्या हातात केबल देणारा कुणीतरी भेटतोच. हक्कांचा तास व्याख्यानाचा नसावा. एकाला खुर्चीत बसवायचं, दुसऱ्याने त्याचा जबाब घ्यायचा, बाकीच्यांनी चुका टिपायच्या. कोठडीत किती तास ठेवलं, खायला काय दिलं, वैद्यकीय तपासणी केव्हा, हे नोंदवहीत लिहून दाखवायचं.

आता परतीचा भाग, जिथे सगळं ढासळलं.

कोसोव्होत वुचितर्नच्या शाळेतून सुटलेला मुलगा थेट एकटा रस्त्यावर जात नसे. संयुक्त राष्ट्रांच्या पोलिसांपैकी एकजण त्याच्याबरोबर अनेक आठवडे गस्तीला असे, रोजचा शेरा लिहीत असे आणि पास झाल्यावरच त्याला कायम करत. वीस लाखांच्या कोसोव्होत असे आंतरराष्ट्रीय पोलीस चार हजारांहून अधिक होते, भारताचे पोलीसही त्यांत होते. इराकची लोकसंख्या त्याच्या बारा-तेरा पट, आणि सल्लागार काही शे. त्यातही बहुतेकांना सुरक्षेमुळे ठाण्यात जाऊन बसता येत नव्हतं. आराखडा कोसोव्होचा उचलला, पण त्यातला वर्गाबाहेरचा निम्मा भाग मागेच राहिला. आठ आठवडे कमी होते हे खरं. माझ्या मते खरा घाव मात्र याच ठिकाणी बसला.

दुसरं, शिकवलं फक्त तळाला. इराकी पोलिसांत अधिकारी वेगळ्या पोलीस महाविद्यालयातून तीन वर्षं शिकून येतात आणि शिपायावर त्यांची पकड पक्की असते. जुन्या अधिकाऱ्यांना तीन आठवड्यांची उजळणी दिली आणि सोडून दिलं. मुवक्करहून आलेला वीस वर्षांचा मुलगा गस्तीला निघतो म्हणाला, तर चाळिशीतला नकीब, म्हणजे कॅप्टन दर्जाचा अधिकारी, त्याला चहा आणायला पाठवतो. ज्याच्या हातात रजा, पगार आणि बदली आहे त्याने नवं काही शिकलेलं नसेल, तर खालच्याने शिकलेलं महिनाभरही टिकत नाही. अधिकाऱ्याला तुकडीच्या आधी पंधरा दिवस त्याच शाळेत आणावं, मुलं काय शिकणार ते त्याला करून दाखवावं आणि शेवटच्या आठवड्यात त्यालाच परीक्षक करावं.

नोव्हेंबर २००४ मध्ये मोसुलमध्ये बंडखोर उठले तेव्हा हजारोंचं पोलीस दल काही दिवसांत विरघळलं. ठाणी लुटली गेली, शस्त्रं, गणवेश आणि गाड्याही गेल्या. त्यातले सगळे मुवक्करचे नव्हते, बरेचजण तर तीन आठवड्यांच्या उजळणीवर किंवा काहीच न शिकता कामावर होते. पण पळणाऱ्यांच्या बाजूनेही बघितलं पाहिजे. मुलगा एकटा त्या ठाण्यात आला, शेजारी कुणी ओळखीचं नाही, घर पाच गल्ल्या पलीकडे, चिलखत नाही, मदतीला कोण येणार माहीत नाही. तो घरी गेला नसता तरच नवल.

परतीच्या प्रवासात मुलाची पिशवीच त्याची वैरी असते. आत प्रमाणपत्र, बूट, संचलनाचा फोटो, शाळेचं नाव छापलेला टी-शर्ट, डोक्यावर नुकतीच मारलेली लष्करी कटिंग. रस्त्यात बंडखोरांच्या नाक्यावर पिशवी उघडली की प्रश्न संपला. म्हणून प्रमाणपत्र, गणवेश, बूट ठाण्यावर स्वतंत्र जावेत, मुलाच्या हातात काही नको. शेवटचे तीन आठवडे केस कापायचे नाहीत. गटाचे फोटो काढायचे नाहीत, काढलेच तर शाळेतच ठेवायचे. आणि नुसते साधे कपडे पुरत नाहीत. २३ ऑक्टोबर २००४ रोजी किरकुशच्या तळावरून रजेवर निघालेले सुमारे ४९ नवे इराकी सैनिक साध्या वेशात, निःशस्त्र, मिनीबसमधून चालले होते. त्यांना अडवून, रस्त्यावर निजवून मारलं. निघायची वेळ आणि रस्ता बाहेर फुटला होता याशिवाय ते शक्यच नाही. वेळ, वाट आणि गाडी यांपैकी दोन गोष्टी निघण्याच्या तासाभरापूर्वीच ठरवाव्यात, आणि अखेरपर्यंत सोबत सशस्त्र तुकडी हवी. एवढी तुकडी नसेल तर त्या दिवशी निघू नये.

शस्त्रांच्या नोंदीचंही असंच. २००४ आणि २००५ मध्ये इराकी दलांना दिलेल्या शस्त्रांपैकी सुमारे १,१०,००० एके-४७ आणि ८०,००० पिस्तुलांचा हिशेब लागत नाही, असं अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जुलै २००७ मध्ये नोंदवलं. पिस्तुलाचा क्रमांक, ठसा आणि ठाणं या तिन्हींची एकच ओळ एका वहीत असती तर हा आकडा इतका वाढला नसता.

यजमान देशाचं राजकारण वर्गात शिरतं, हे जॉर्डनमध्ये ठळक दिसलं. हिल्लाचा स्फोट एका जॉर्डनी माणसाने केल्याची बातमी आली, इराकी शिया लोक खवळले, बगदादमध्ये जॉर्डनच्या दूतावासापुढे निदर्शनं झाली आणि मार्च २००५ मध्ये दोन्ही देशांनी आपापले प्रमुख राजनैतिक अधिकारी परत बोलावले. त्याच वेळी नजफ-करबला या शिया शहरांतली मुलं जॉर्डनी निदेशकांच्या हुकमावर कवायत करत होती. अशा दिवशी वर्ग थांबवून बोलावं लागतं, इराकी अधिकाऱ्याकरवी. शाळेत पाहुण्या देशाचा वरिष्ठ अधिकारी कायम राहणारा हवा, ज्याच्याकडे मुलं तक्रार घेऊन जाऊ शकतील आणि जो यजमानाला नाही म्हणू शकेल.

दोन तुलना उपयोगी पडतात. हैतीत १९९५ मध्ये देशातली अकादमी अपुरी पडली म्हणून नव्या पोलिसांच्या मोठ्या गटाला प्रशिक्षणाच्या काही भागापुरतं अमेरिकेतल्या मिसुरीत फोर्ट लेनर्ड वूडला नेलं. अभ्यासक्रम चार महिन्यांचा होता, बाकीचा भाग हैतीतच झाला. अमेरिकेचे पोलीस म्हणून टीका झाली, पण उरलेलं शिक्षण स्वतःच्या मातीत झाल्याने घडी बसली. दुसरं मुवक्करमध्येच. इराकी तुकड्या थांबल्यावर २००८ पासून तिथे पॅलेस्टिनी राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या तुकड्या आल्या, साधारण पाचशेची एकेक, अधिकाऱ्यांसकट. नावं अमेरिका, इस्रायल आणि जॉर्डन अशा तिघांच्या चाळणीतून जात. त्या तुकड्या अखंड परत गेल्या आणि वेस्ट बँकमधल्या जेनिनसारख्या ठिकाणी एकत्र नेमल्या गेल्या. इस्रायली ताब्याखाली काम करणाऱ्या दलाला आपल्याच लोकांच्या डोळ्यांत मान मिळवणं अवघडच, ते तसंच राहिलं. पण माणसं एकमेकांना ओळखत होती, अधिकारी तेच होते, आणि ठाणं सोडून पळण्याचा प्रकार तसा झाला नाही.

तेव्हा काम अंगावर आलंच, तर पाचशे मुलांचा हिशेब असा मांडा. आधी दहा ठाणी निवडा, चालती, भिंत आणि दिवा असलेली. प्रत्येक ठाण्याचे पन्नास, त्याच वस्तीतले. प्रत्येक ठाण्याचे तीन अधिकारी आधी शाळेत. शाळेत पन्नासची तुकडी फोडायची नाही, वर्गातले पंचवीस-पंचवीस त्याच ठाण्याचे. बारा आठवडे परदेशात, यापेक्षा जास्त नको, कारण घरची ओढ आणि मागे राहिलेल्यांना धमक्या दोन्ही वाढतात. दर आठवड्याला घरी फोन, आणि घरच्यांना पगार त्याच महिन्यात, मुलगा परत येईपर्यंत थांबवून नाही. मग चौदा ते सोळा आठवडे ठाण्यात, दर दहा मुलांमागे एक सोबती अधिकारी. परदेशी मिळत नसेल तर मागच्या तुकडीतला सगळ्यात चांगला हवालदार शिकवून तयार करा. दहा मुलांमागे एक म्हणजे पाचशेला पन्नास सोबती. हे पन्नास नसतील तर पाचशेऐवजी शंभर मुलं न्या. तीस, साठ, नव्वद आणि एकशेऐंशीव्या दिवशी प्रत्येकाच्या ठशाने हजेरी घ्या आणि ती यादी शाळेच्या प्रमुखाच्या टेबलावर पोहोचवा. गैरहजरांपैकी दहाजणांच्या घरी माणूस पाठवून कारण विचारा, आणि ते कारण लिहूनच पुढच्या तुकडीचं वेळापत्रक बनवा.